बिनतुरटीचा पिवळा

परवा मूल गावाहून चंद्रपूरला परतताना बसच्या खिडकीतून पळस दिसला. फांदीवर एक पान नाही, नुसती केशरी फुलं, कुणीतरी रंगवून वाळत घातल्यासारखी. त्याच वेळी पर्समध्ये फोन वाजला. ओळखीतल्या एका घरच्या हळदीचं आमंत्रण होतं. खाली चमचमत्या अक्षरांत लिहिलेलं, 'महिलांनी कृपया पिवळ्या पोशाखात यावे.' खिडकीबाहेर पळस आणि हातात पिवळा पोशाख, दोन्ही एकदमच आलं आणि मी मोठ्याने हसले. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

मी याद्या करणारी बाई आहे. शाळेच्या ऑफिसात क्लार्क असल्यामुळे लोकांना वाटतं की सवय नोकरीने लावली. खरं तर स्वभाव आधीचा आणि नोकरी नंतरची. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो. कोणती साडी शेवटची कुठे नेसली, कोणत्या ब्लाउजला उसवायला अजून जागा आहे, कोणत्या फाटक्या साडीचा फॉल चांगला आहे, सगळं त्यावर असतं. दिवाळीआधी घरातले सगळे कपडे पलंगावर काढायचे, एकेक हातात घ्यायचा आणि मगच दुकानाचं नाव काढायचं, असा आमचा नियम. बहुतेक वेळा दुकानाचं नाव निघतच नाही. माझी मुलगी करुणा या कार्यक्रमाला पंचनामा म्हणते.

लहानपणी चामोर्शीला आमच्या घरी कपड्यांना पायऱ्या होत्या. नवा कपडा आधी बाजाराचा आणि लग्नाकार्याचा. तो जरा विटला की घरचा. मग बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, रोवणीच्या चिखलातला. शेवटची पायरी जंगलातली. तेंदूपत्त्याच्या दिवसांत आई लुगड्यावरून बाबांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायची, डोक्याला दुपट्टा बांधायची आणि पहाटे निघताना आमच्याकडे बघून विचारायची, "कशी दिसून राह्यली मी? साहेब?" त्यानंतरही कपड्याची सुटका नसायची. तो गोधडीत जायचा, गोधडीतून फडक्यात. कंदिलाची काच पुसताना एकदम ओळख पटायची की अरे, हा तर माझा तिसरीतला फ्रॉक.

आता पायऱ्या गेल्या. फोटो निघाला की कपडा शिळा होतो. करुणाच्या मैत्रिणी एखादा ड्रेस दाखवून म्हणतात, हा तर संपला, आणि ड्रेस तर दुकानातून आल्यासारखा कोरा असतो. संपला म्हणजे स्टेटसवर दिसून गेला. पूर्वी लग्न म्हणजे एका साडीचं काम होतं. आता हळदीची पिवळी, मेंदीची हिरवी, लग्नाची वेगळी, रिसेप्शनची आणखी वेगळी. आणि पिवळी साडी असून भागत नाही. सगळ्यांची सारखी पाहिजे, एका दुकानातली, एका काठाची. लग्न एका घरी आणि खर्च सगळ्या नातेवाइकांच्या घरी.

याच सारख्या पिवळ्यापायी काही वर्षांपूर्वीचा आमचा एक उन्हाळा गाजला.

माझ्या भावाच्या मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न ठरलं होतं. लग्न होळीनंतर, चामोर्शीला. आमच्या बौद्ध घरांत लग्न लागतं पांढऱ्या साडीत, ते मला फार सोयीचं वाटतं. ती साडी पुढे जन्मभर चालते; बुद्धपौर्णिमेला चालते, ऑक्टोबरात दीक्षाभूमीला चालते, कुणाच्या दुःखालाही चालते. पण आदल्या दिवशीची हळद पोरींच्या ताब्यात गेलेली. प्रज्ञाने घरच्या ग्रुपवर एका पिवळ्या साडीचा फोटो टाकला, खाली दुकानाचा पत्ता, किंमत आणि पळणाऱ्या मुलीचं चित्र. म्हणजे लवकर घ्या. भराभर अंगठे उठले. मीही उठवला.

माझ्या मोठ्या बहिणीचा अंगठा आला नाही. आम्ही तिला बाई म्हणतो. ती कुरखेड्याला असते, थोडी धानाची शेती, भावजी गेल्यापासून एकटीच बघते, मुलगा नागपूरला शिकतो. मी तिला फोन केला.

"बाई, साडी पाहिली का?"

"पाहिली. चांगली हाये."

"मग सांगू का दुकानात?"

"मी लग्नाले येईन. हळदीले नाई जमत. मोहफुलं पडून राह्यले न, पहाटे वेचा लागते."

मोहफुलं पहाटे पडतात हे खरंच. पण हळद संध्याकाळची होती. मी म्हटलं, तुझी साडी मी घेते. पलीकडे कोंबडी ओरडत होती.

"तुह्यी साडी नेसून माह्याच भावाच्या मांडवात बसू? मंग लोकं म्हणतीन, छोटीनं आणलं मोठीले. ठेव फोन, माह्यी कोंबडी घरात शिरली."

कोंबडी तिच्या घरात रोजच शिरते. मी ओळखलं. प्रज्ञाला लहानपणी चामोर्शीच्या बाजारात कडेवर घेऊन फिरलेली तिची मोठी आत्या एका साडीपायी हळदीला येणार नव्हती, आणि आली नसती तर भावाच्या मनाला ते लागून राहिलं असतं, बाईच्या त्याहून जास्त.

उपाय मला ऑफिसातच सुचला, खिडकीबाहेरचा पळस बघून. आमच्या प्रत्येकीच्या घरी एक वस्तू हमखास असते, पांढरी सुती साडी. आणि त्या दिवसांत आमच्याकडे रंग रस्त्यावर पडलेला असतो, उचलायचे पैसे नाहीत. होळीला फुलं उकळून रंग करतोच, तर साड्याच का रंगवू नयेत? मी ग्रुपवर लिहिलं, 'दुकानाची साडी रद्द. प्रत्येकीने एक पांढरी सुती साडी आणावी. पळसाच्या फुलांत रंगवू. जागा: बाईचं अंगण, कुरखेडा.'

आधी कुणाचाच अंगठा नाही. मग प्रज्ञाचा फोन. "आत्या, शेड सारखा नाई येनार. फोटोत कसं दिसंन?" तिची आई, म्हणजे माझी वहिनी, मागून म्हणत होती, "दे मले फोन, मले दे." माझी बाजू सावरली करुणाने. तिने ग्रुपवर एवढंच टाकलं, 'याला नैसर्गिक रंग म्हणतात. पुण्या-मुंबईच्या दुकानात ही साडी दुप्पट महाग असते.' पाच मिनिटांत सगळे अंगठे वर. आपल्या दारचं झाड दुसऱ्या गावात महाग आहे हे कळलं, की त्याची किंमत आपल्यालाही कळते. शेवटी बाईचा अंगठा आला, आणि त्याच्या खाली, 'गंज मोठा हाये माह्याकडे.' गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं.

आता यादी. फुलं बाईकडे. गाळायला धोतर, ढवळायला काठी, हातमोजे, वाळत घालायला दोरी, चिमटे, चहा-साखर, आणि दोनदा अधोरेखित केलेली तुरटी. साडी आधी तुरटीच्या पाण्यात भिजवली की फुलांचा रंग पक्का बसतो, नाही तर तो कच्चा. हे मी खात्री करून घेतलं होतं. तुरटीचा खडा मी स्वतः पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवला.

करुणा आणि मी चंद्रपूरहून निघालो. गडचिरोलीच्या स्टँडवर वहिनी, प्रज्ञा आणि सिंधूकाकू चामोर्शीहून येऊन थांबल्या होत्या. सिंधूकाकू आमच्या चुलत घरातल्या, हौशी. त्यांनी साडीची घडी वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरलेली. "शुद्ध सुती हाये. दुकानदारानं शपथ घेतली." पुढे कुरखेड्यापर्यंत दोन्हीकडे पळस. ऊन अजून कोवळं होतं. खिडकीतून मोहाचा तो गोड, डोक्यात जाणारा वास येत होता, आणि प्रज्ञा दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "आत्या, पक्कं पिवळंच होईन न?"

बाईचं अंगण शेणाने सारवून तयार. फुलांचा ढीग गोणपाटावर, देठाकडची काळी टोपी काढून स्वच्छ केलेला. तीन दगडांवर गंज चढलेला आणि त्यातून हळदीच्या नाही, भिजलेल्या लाकडाच्या वासाची वाफ निघत होती. शेजारच्या गोंड कुटुंबातली सोनाबाई कुंपणाशी उभी राहून हसत होती. "एवढे फुलं आमी होळीलेबी नाई उकडत. अख्ख्या गावाले रंगवता का?"

मी पदर खोचला, पिशवी उघडली, यादी काढली. एकेक वस्तू बाहेर ठेवत गेले. वरचा कप्पा रिकामा. पिशवी उलटी केली. चिमटे पडले, साखर पडली. तुरटी नाही. मी घरी फोन लावला.

"अगं, सकाळी दाढी करताना कापलं," आमचे हे पलीकडून म्हणाले. "तुझ्या पिशवीत तुरटी दिसली, लावली. ती काय, बेसिनवरच आहे."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "यादी कुठी गेली तुह्यी?"

"यादी आहे. तुरटी नाही."

मी करुणाला किराणा दुकानाकडे पिटाळलं. दुकान दुपारचं बंद. थांबू या, दुकानदार येईल, असं मी म्हणते आहे तोवर मागे पाण्याचा आवाज झाला. वळून बघते तर बाईने आपली साडी गंजात सोडली होती आणि काठीने दाबत होती. निळा काठ वर आला, परत बुडाला. तो काठ मी ओळखला.

"बाई! ही तर तुझी पौर्णिमेची!"

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला कुरखेड्याच्या विहारात बाई सगळ्यांच्या पुढे उभी राहून वंदना म्हणते. तिच्या मागे सगळं गाव म्हणतं. त्या दिवसासाठी तिने धान विकून घेतलेली ती एकच ठेवणीतली पांढरी. बाकीच्या कधीच बांधीत गेलेल्या. मला वाटलं होतं ती त्यातलीच एखादी आणेल.

"मंग?" काठी न थांबवता बाई म्हणाली. "भावाच्या घरचं लग्न हाये. जुनेरं नेसून येऊ का मी?"

"पण पौर्णिमेला काय नेसशील?"

"पौर्णिमा दोन महिन्यानं हाये. हळद चार दिवसानं हाये. तू बाजूले हो, धूर जाते डोळ्यात."

मग थांबायला काही उरलंच नाही. एकेक साडी गंजात गेली. माझीही गेली. वहिनीने पिशवीच्या तळातून एक मऊ झालेली घडी काढली, तिची स्वतःच्या लग्नातली पांढरी. "प्रज्ञासाठी हे," एवढंच म्हणाली. धुऊन धुऊन मलमलीसारख्या झालेल्या त्या जुन्या कापडाने सगळ्यांत जास्त रंग प्यायला. दोरीवर वाळत घातली तेव्हा मघापर्यंत शेडची काळजी करणारी प्रज्ञा तिच्याखाली उभी राहून वर बघत होती आणि थेंब तिच्या कपाळावर पडत होते. सोनाबाई कुंपणावरून ओरडली, "आताच हळद लागली पोट्टीले!"

दोन साड्या सारख्या निघाल्या नाहीत. एक लिंबासारखी, एक पिकल्या केळ्यासारखी, एक वरणासारखी. सिंधूकाकूंची मात्र जशी गेली तशी बाहेर आली, पांढरीशुभ्र. परत बुडवली, परत पांढरी. शपथेची सुती साडी धाग्यापासून नकली होती. काकूंनी दुकानदाराच्या नावाने जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

हळदीच्या संध्याकाळी चामोर्शीच्या मांडवात आम्ही ओळीने उभ्या राहिलो. फोटोवाल्याने विचारलं, "मॅडम, थीम काय आहे?" प्रज्ञा ऐटीत म्हणाली, "पळस." मधोमध सिंधूकाकू पांढऱ्यात, पण ती अडचण पोराटोरांनी पाच मिनिटांत सोडवली, हळदीचे दोन तांबे त्यांच्या अंगावर रिकामे झाले. बिनतुरटीचा रंग घामाने सुटत होता. प्रत्येकीची मान पिवळी, दंड पिवळे. खुर्च्यांच्या पाठी पिवळ्या. पण हळदीच्या दिवशी अंग पिवळं का, असं कोण विचारणार? बाई भावाच्या शेजारी बसली होती. भाऊ हळूच तिच्या पदराला हात लावून म्हणाला, "बाई, कुठून घेतली व?" ती म्हणाली, "जंगलातून."

लग्न पार पडलं, आणि माझी काळजी सुरू झाली. पौर्णिमेला माझी साडी बाईला द्यावी म्हटलं तर माझीही पिवळी. वहिनीची पिवळी. त्या उन्हाळ्यात आमच्या गोतावळ्यात पांढऱ्या म्हणाव्यात अशा दोनच साड्या उरल्या होत्या, नव्या नवरीची आणि सिंधूकाकूंची नकली. नवी घेऊन द्यायची तर ती कोंबडी परत घरात शिरली असती.

घरी येऊन मी माझी साडी साबणात टाकली आणि पाणी पिवळंधमक झालं. पक्का रंग हवा म्हणून मी ज्या तुरटीसाठी जीव टाकला होता, ती नव्हती म्हणून रंग निघत होता. मी ओल्या हातानेच फोन लावला.

"बाई, रंग उतरतो आहे! धू आणि उन्हात टाक. रोज टाक."

"टाकूनच राह्यली. सांगायले पाहिजे का?"

आणि ऊन काय, त्याची आमच्याकडे कधी टंचाई नाही. एप्रिल सरताना चंद्रपुरात डांबर मऊ होतं, नळाचं पाणी उकळतं येतं, माणसं दुपारी दारं लावून घरात दडतात. एरवी मी त्या उन्हाला रोज चार शिव्या देते. त्या वर्षी मी गच्चीवर जाऊन, कामावर आलेल्या माणसाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होते. साडी दोरीवर, मग उलटी, मग काठ बदलून. संध्याकाळी बाईला फोन करायचा.

"आज रंग कसा आहे?"

"लिंबू होता, आता काकडीच्या आतल्यासारखा झाला."

दुसऱ्या दिवशी, "माणूस काळा होऊन राह्यला अन् लुगडं पांढरं."

पुढच्या आठवड्यात तिने विचारलं, "थोडी नीळ देऊ का? चमक येईन." मी गच्चीवरून खाली येता येता ओरडले, "नको! पिवळ्यावर निळं, हिरवी होईल! पौर्णिमेला पोपट दिसशील!" फोनमध्ये ती इतकी हसली की तिला ठसका लागला. नीळ राहिली. भाताच्या पेजेची खळ तेवढी दिली.

कपड्यावर इतकं लक्ष मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं. नवीन साडी घेतली की ती कपाटात जाते आणि आपण पुढच्या दुकानाकडे बघतो. ही साडी रोज बघावी लागत होती, उद्या कुठवर येईल याची वाट बघावी लागत होती. बचत म्हणजे काही न घेणं, असं मी इतकी वर्षं कागदावर मांडत आले. त्या उन्हाळ्यात कळलं की आहे त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघणं हा त्यातला गमतीचा भाग आहे, आणि तो मी यादीत कधीच धरला नव्हता.

बुद्धपौर्णिमेला मी पहाटेच्या बसने कुरखेड्याला गेले. करुणाला म्हटलं वंदनेला जाते. तेही खरंच होतं. विहारात आत सावली आणि थंडावा. मेणबत्त्या लागलेल्या, सगळं गाव पांढऱ्यात. आणि सगळ्यांच्या पुढे बाई, खळीने कडक झालेली साडी, निळा काठ, हात जोडलेले. पांढरी होती. मी मागच्या भिंतीशी उभी राहून खोल श्वास सोडला आणि तिच्या आवाजात आवाज मिसळला.

वंदना झाली, सगळे पंचशील ध्वजासाठी अंगणात आले. बाई उन्हात आली आणि तेव्हा मला दिसलं. अगदी पुसट, पेजेवर तांदळाची साय येते तसा एक पिवळसरपणा तिच्या पदराच्या घडीत राहिलेला. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. मी माझ्या पदराकडे बघितलं. तिथेही होता. बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, माझ्या पदराकडे पाहिलं आणि भुवई उडवली. ध्वजाखाली उभं राहून दोघी गंभीर राहण्याचा प्रयत्न करत होतो.

परवा हे सगळं आठवेपर्यंत बस चंद्रपुरात शिरत होती. मी ते आमंत्रण बाईला पुढे पाठवलं. स्टँडवर उतरते न उतरते तोच तिचा फोन.

"पिवळं म्हणते न हे लोकं? फुलं वेचून ठेवतो मी. साडी घेऊन येजो. अन् आयक, यादी करजो, पण तुरटी आणू नको."

घरी आल्यावर कागद घेतला. गाळायला धोतर, काठी, दोरी, चिमटे, चहा-साखर. सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित करून, लिहिलं, 'तुरटी: ह्यांच्या बेसिनवरच राहू देणे.'